डावा पाय जरा उशिरा

१

पडद्यावर कुणीही चालो, पावलं मावशीची असायची. सिनेमा चित्रित करताना पावलांचा आवाज नीट मिळत नाही, तो मागाहून भरावा लागतो. मावशी ते काम करायची. नायिका वाळूतून पळाली की मावशी वाळूच्या खोक्यात जागच्या जागी पळायची. खलनायक फरशीवरून रुबाबात आला की मावशी तिच्या मापाच्या दुप्पट बूट चढवून त्याच्यासाठी रुबाब करायची. मोठमोठे नट तिच्या पायांवर उभे होते आणि त्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊकही नव्हतं. सख्ख्या भाचीमुळे तिला सगळा स्टुडिओच मावशी म्हणायचा, आणि हळूहळू तिचं खरं नाव पगाराच्या पाकिटापुरतं उरलं होतं.

पावलांच्या खोलीत भिंतीला लागून चपला-बुटांचं कपाट होतं, जमिनीवर माती, खडी, फरशी, पालापाचोळा यांचे चौकोन होते. खोलीच्या मधोमध चाकांवर उभी केलेली दाराची एक चौकट होती. दार खरं, कडी खरी, बिजागरीची कुरकुरही खरी. दारापलीकडे मात्र काही नाही, उरलेली अर्धी खोली. सिनेमातल्या सगळ्या दारांचा आवाज याच एका दाराचा असायचा.

जिना नव्हता. जिन्यासाठी एक जाड फळी जमिनीवर आडवी टाकलेली असे. तिच्यावर मावशी जागच्या जागी चालायची, आणि माणूस चढतोय की उतरतोय हे ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं. चढताना माणूस चवड्यावर चढतो, टाच टेकवत नाही. उतरताना चवड्यामागोमाग टाच पडते, अंगाच्या सगळ्या वजनासकट.

हे तिला ताईनं शिकवलं होतं. "टाच म्हणजे खाली, टाच नाही म्हणजे वर. एवढं लक्षात ठेव, जन्मभर पोट भरेल," असं ताई म्हणायची. मावशीचं पोट भरलं. ताईचा जन्मच तेवढा पुरला नाही. ती गेली तेव्हा तिची मुलगी नुकती बोलायला लागली होती आणि मुलीचा बाप आधीच दुसरीकडे संसार मांडून बसला होता. मावशीनं पोरीला कडेवर घेतलं ते पुढे कित्येक वर्षं खाली ठेवलं नाही.

ती पोर आता दिग्दर्शिका झाली होती. एके दिवशी सकाळी ती पावलांच्या खोलीत आली आणि खडीच्या चौकोनाच्या काठावर बसली.

"मावशी, त्या सिनेमाचा दुसरा भाग मी करतेय."

कोणता सिनेमा, हे मावशीनं विचारलं नाही. त्या घरात 'तो सिनेमा' एकच होता: ताईनं शेवटची पावलं दिली तो.

"अगं, त्याला दुसरा भाग कसला? तो संपलाय."

"संपला कुठे? ती मुलगी तळघरात उतरते आणि पडदा काळा होतो. इतकी वर्षं लोक भांडताहेत, तिचं पुढे काय झालं म्हणून."

"भांडू देत की. त्यासाठीच तर बघतात."

मावशीचं दुसऱ्या भागांबद्दलचं मत ठाम होतं. जेवून उठलेल्या माणसाला परत पाटावर बसवण्यातला तो प्रकार, असं ती म्हणायची. त्या सिनेमात तर शेवटी फारसं काही घडतच नव्हतं. तळघरातून कुणीतरी हाक मारतंय असं एका मुलीला वाटत राहतं, आणि एक दिवस ती दिवा घेऊन जिना उतरते. दार अर्धं उघडं राहतं, वारा घोंघावतो, वाऱ्याखाली तिची पावलं विरत जातात. बस. जुन्या दिग्दर्शकानं जिवंत असेपर्यंत कुणाला पुढचं सांगितलं नाही. त्याला स्वतःला तरी माहीत होतं का, देव जाणे.

"ती परत वर येते," भाची म्हणाली. "शेवटच्या दृश्यात दार उघडतं." मग जरा थांबून, खडीतला एक दगड बोटांनी फिरवत म्हणाली, "आईचे दोनच फोटो आहेत. आवाज कुठेच नाही. आवाजाच्या धंद्यात राहून तिचा आवाज कुणी जपला नाही. तिची म्हणून एवढी पावलंच आहेत गं, त्या जिन्यावरची. ती वर येताना मला एकदा ऐकायचीत."

मावशीनं कपाटाकडे स्टूल ओढलं.

२

ताईचे तपकिरी सँडल कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात होते. मावशीनं ते इतक्या वर्षांत कुणाला घालू दिले नव्हते. आता पट्ट्यांना तेल लावून तिनं ते स्वतःच्या पायात चढवले. बरोबर बसले.

काचेपलीकडे यंत्रांच्या खोलीत चूपसाहेब बसला होता. तो ध्वनिमुद्रक. दर वेळी मुद्रण सुरू करताना तो माइकवरून "चूप!" म्हणून ओरडायचा, खोलीत कुणी नसलं तरी. घरी फोन वाजला तरी तो आधी चूप म्हणतो असं त्याची बायको सांगायची. त्याच्या शेजारी भाची, कानांवर हेडफोन.

"आईसारखं चाल हं मावशी. डावा पाय जरा उशिरा."

हे मावशीनंच तिला लहानपणी सांगितलं होतं. झोपेना की सांगायची: तुझी आई तुला कडेवर घेऊन फिरायची ना, म्हणून तिचा डावा पाय जरा उशिरा पडायचा. टप्... टप्. टप्... टप्. तेवढ्यावर पोर झोपायची.

"चूप!"

पडद्यावर दुसऱ्या भागातली नवी नटी अंधाऱ्या जिन्यावरून वर येत होती. मावशी फळीवर चढू लागली, चवड्यावर, डावा पाय जरा उशिरा. मध्येच पडद्यावरची मुलगी थबकते, कानोसा घेते. मावशी थबकली.

ऐकताना चूपसाहेबानं भुवया वर केल्या. "मावशी, तोल गेला का?"

"नाही. का?"

त्यानं पुन्हा वाजवलं. मुलगी चढते, मुलगी थबकते. आणि ती थबकल्यावर, खालून कुठून तरी, आणखी एक पाऊल.

"फळी पोकळ आहे, उशिरा बोलते," चूपसाहेब म्हणाला. त्यांनी फळीखाली घोंगडी घातली. पाऊल आलंच. त्यांनी फळी बदलली. मग मावशी सँडल काढून अनवाणी चढली, तेव्हा काही आलं नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. सँडलच जुने, तळ सुटला असेल. मावशीनं दोन्ही तळ तपासले, एक खिळा ठोकला, आणि पुन्हा चढली.

ते पाऊल पुन्हा आलं. या वेळी थोडं जवळून.

जवळ-लांबच्या बाबतीत कानाला फसवता येत नाही. माइकपासून दोन हात मागे सरकलेला माणूसही मावशी डोळे मिटून ओळखायची. मघाशी ते पाऊल जिन्याच्या तळाशी होतं. आता एखादी पायरी वर होतं.

"हे पुसतो आणि उद्या बघू," चूपसाहेब म्हणाला.

"पुसू नका," भाची म्हणाली. तिनं हेडफोन काढले नव्हते. "काहीच पुसू नका."

३

मावशी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हती. भुतं तिला कामापुरती माहीत होती. तिनं स्वतःच्या पायांनी इतकी भुतं चालवली होती की त्यांचं भय वाटायचं कारण नव्हतं. जेवताना तिनं मनाशी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. तार सैल असेल. जुन्या मुद्रणाचा अंश राहिला असेल. शेजारच्या खोलीत कुणी चालत असेल. प्रत्येक शक्यता घटकाभर पटायची आणि मग गळून पडायची.

समोर भाचीचं ताट तसंच होतं.

"खा की गं."

"मावशी, मी ती सगळी पावलं एकापुढे एक लावून ऐकली. आज दिवसभरातली." तिचे डोळे लहानपणी वाढदिवसाला चमकायचे तसे चमकत होते. "नुसती जवळ येत नाहीत. चालतात. टप्... टप्. डावा पाय उशिरा."

मावशीनं हातातला घास ताटात ठेवला.

"ती आहे," भाची म्हणाली.

खरं सांगायचं तर मावशीला त्या क्षणी भीती वाटली नाही. तिला रडू आलं. ताई परत येत असेल तर तिला नको कोण म्हणेल? सँडल तिचे, जिना तिचा, मुलगी तिची. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलं होतं. पोरीला गोवर कसा निघाला, शाळेत ती कशी भांडून आली, पहिला पगार कसा आणून हातात दिला.

पण पुढच्या काही दिवसांत तिच्या मनात एक काटा रुतून बसला. भाची जेवायची नाही ते नाहीच. बोलता बोलता मान एकीकडे कलती करून गप्प व्हायची. घरात दारं लावायची नाही, अर्धी उघडी ठेवायची, आणि मावशीनं लावली तर उठून परत उघडायची. एकदा भरदुपारी रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ती म्हणाली, "हो, आलेच."

"कुणाला म्हणालीस?"

"मी? कुठे काय?"

हे मावशीनं आधी पाहिलं होतं. त्या सिनेमातली मुलगी असंच करायची. मान अशीच कलती, दारं अशीच अर्धी, आणि कुणी विचारलं की हेच उत्तर. ती शेवटी दिवा घेऊन खाली गेली होती.

"शेवटचं दृश्य परवा करू," भाची म्हणाली. "दार मी उघडणार. मीच. तू फक्त मागे चाल."

वर येतंय ते कोण आहे, याची खात्री तिला त्याआधी हवी होती. मान हलवणारी, हसणारी ताई तिला आठवत होती, पण चालणं? ते ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं.

४

सुदैवानं निर्मात्याला पैसे वाचवायचे होते. जुन्या सिनेमातला वारा नव्या सिनेमात वापरता येईल म्हणून त्यानं गोदामातले जुने डबे पाठवून दिले होते. त्या काळी प्रत्येक आवाजाची वेगळी फीत असे: वाऱ्याची वेगळी, बोलण्याची वेगळी, पावलांची वेगळी. पावलांच्या डब्याला कुणी हातही लावला नव्हता.

शेवटच्या दृश्याच्या दिवशी मावशी सकाळीच आली. चप्पल नेहमीसारखी बाहेर काढली आणि अनवाणीच यंत्रांच्या खोलीत गेली.

"ती जुनी फीत लाव," ती चूपसाहेबाला म्हणाली. "नुसती पावलं. वारा नको."

सिनेमात ही पावलं वाऱ्याखाली दबलेली होती. एकटी, उघडी अशी ती आजवर कुणी ऐकली नव्हती. मावशीनंही नाही. ती मुद्रित झाली त्या दिवशी मावशी पावलांच्या खोलीबाहेर, पोरीला घेऊन उभी होती. जुन्या दिग्दर्शकानं ताईला सांगितलेलं तिला दाराबाहेर ऐकू आलं होतं: "अशी उतर, की आता परत वर यायचं नाही." बऱ्याच वेळानं ताई बाहेर आली ती घामाघूम आणि हसत. का हसतेस, विचारलं तर म्हणाली, "काही नाही. चल, चहा घेऊ." त्यानंतर थोड्याच दिवसांत ती अंथरुणाला खिळली. दिवस थोडे उरलेत असं डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं, हे घरच्यांना नंतर कळलं.

फीत फिरू लागली. खरखर. मग पावलं.

मावशीनं डोळे मिटले. थोडा वेळ ऐकलं. मग डोळे उघडले.

"टाच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ऐक ना. टाच पडतच नाही. ती मुलगी पडद्यावर उतरतेय, आणि ताई चढतेय."

चूपसाहेबानं आवाज वाढवला. हलकी, चवड्यावरची पावलं, एकामागून एक वर, वर, वर. मंद होत होती, पण वर जात होती. "चूक झाली असेल हो," तो म्हणाला. "वाऱ्याखाली कुणाला कळलं नसेल."

"ताईची चूक? टाच म्हणजे खाली हे मला शिकवणाऱ्या ताईची?" मावशी हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला कुठे जायचंय हे ठाऊक असलेल्या बाईला अंधारात उतर म्हणून सांगितलं होतं, आणि ती होय म्हणून फळीवर उभी राहून सरळ वर चढून गेली होती. सगळ्यांच्या देखत. म्हणून हसत होती.

मग मावशीला दुसरी गोष्ट ऐकू आली, आणि हसू मावळलं.

डावा पाय वेळेवर पडत होता. उजवा, डावा, उजवा, डावा. घड्याळासारखा.

"चूपसाहेब, मी चालते. तू ऐक. कोणता पाय उशिरा पडतो?"

त्या इवल्याशा खोलीत ती भिंतीपासून भिंतीपर्यंत चालली.

"डावा," तो म्हणाला. "तुमचा नेहमीच उशिरा पडतो. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

तिला ठाऊक नव्हतं. सगळ्या जगाची पावलं तिनं ऐकली होती, स्वतःची सोडून. पोरीला कडेवर घेऊन फिरणारी ताई नव्हतीच. ताईला तेवढा वेळच मिळाला नाही. वर्षानुवर्षं कडेवर घेऊन फिरली ती मावशी. पोरीला झोपवताना तिनं स्वतःचंच चालणं ताईच्या नावावर खपवलं होतं.

म्हणजे ताई तळघरात कधी उतरलीच नव्हती. आणि तिथून वर येत होतं त्याला ताईचं चालणं माहीत नव्हतं. त्यानं ते ऐकून शिकून घेतलं होतं, गेले काही दिवस, मावशीकडून.

"मावशी," चूपसाहेब हळूच म्हणाला. तो काचेतून पावलांच्या खोलीकडे बघत होता. तिथला माइक चालू होता आणि त्याचा आवाज मोजणारा यंत्रावरचा काटा हलत होता.

५

भाची कधी आली ते दोघांना कळलं नव्हतं. पडदा नीट दिसावा म्हणून तिनं दिवे मंद केले होते. फळी तिनं चाकांवरच्या दारामागे सरकवली होती आणि ती स्वतः दाराच्या अलीकडे उभी होती, कडीवर हात ठेवून, मान कलती. ती हलत नव्हती. पडद्यावर अजून काही सुरू झालं नव्हतं.

काटा मात्र हलत होता. टप्... टप्.

मावशी धावत आत गेली. त्या घाईत कुणालाही फीत बंद करायचं सुचलं नाही. ताईची पावलं संपली होती आणि यंत्रावर रिकामी फीत फिरत होती; तिची खरखर छताजवळच्या कर्ण्यातून पावलांच्या खोलीतही येत होती.

"दाराला हात लावू नकोस."

भाचीनं वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद होता. मग मावशीचे अनवाणी पाय दिसले आणि ती गोंधळली. "तू इथे? मग मागे... मला वाटलं तू चालतेयस."

"मी इकडे आहे."

टप्... टप्. दारामागे, अगदी जवळ. चवड्यावर, टाच न टेकवता. शेवटच्या पायऱ्या असाव्यात.

"मग आईच आहे," भाची म्हणाली आणि तिनं कडी घट्ट धरली. "ऐक ना, डावा पाय."

"तो डावा पाय माझा आहे गं! ताईचा नाही. तुला मी खोटं सांगत आले, मलाही माहीत नव्हतं. तुला कडेवर घेऊन मी फिरले. तुझी आई खाली गेलीच नव्हती, ती वर गेली, मी आत्ता ऐकून आले. हे ती नव्हे."

"मग कोण आहे?"

पाऊल थांबलं होतं. दाराच्या पलीकडून कडीचा दांडा अगदी हलकेच दाबला गेला, आपल्याला येतं का हे कुणी करून पाहावं तसा.

दार आणि जमीन यांच्यामध्ये अंगठाभर फट होती. मावशीनं बघू नये असं ठरवलं आणि तरी बघितलं. फटीत सँडल दिसत होते, ताईचे, तपकिरी, दाराकडे तोंड करून. कुणीतरी ते घातले होते. पट्टे ताणलेले होते. पण डावा सँडल उजवीकडे होता आणि उजवा डावीकडे. चालणं ज्यानं नुसतं ऐकून उचललंय, पाय कधी पाहिलेच नाहीत, त्याला कोणता कुठे घालायचा हे कसं कळावं?

भाचीनंही खाली बघितलं. तरीही तिचा हात कडीवरून निघेना. बोटं पांढरी पडली होती. मावशीनं तो हात धरला, ओढला, आणि तिला जाणवलं की ओढणारी ती एकटी नाही. पलीकडूनही कुणीतरी दार ओढत होतं.

तेवढ्यात त्या कर्ण्यातून एक बाई बोलली.

"पोचले. करा आता बंद."

धाप लागलेला, हसरा, अगदी रोजच्या कामातला आवाज. थोडा घोगरा. भाचीनं तो कधीच ऐकला नव्हता आणि तरी तिनं तोंड वर केलं, लहान मूल हाकेला करतं तसं. तिची बोटं सैल पडली.

"चूप!" काचेपलीकडून चूपसाहेब ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच्या भीतीनं, आणि त्यानं माइकची तार मुळापासून उपटली.

कडीचा दांडा जागेवर आला. मग काही नाही. मावशीनं सगळे दिवे लावले. चूपसाहेबानं चाकांवरची चौकट ढकलून भिंतीला नेऊन लावली. मागे फळी होती, आणि फळीवर सँडल, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

"मी नीट ठेवले होते," भाची म्हणाली. मावशीनं सँडल उचलले. आतून ते गरम होते.

भाची खडीच्या चौकोनात मटकन बसली होती. "तो आवाज," ती म्हणाली. "मावशी, तो कुणाचा होता?"

"तुझ्या आईचा," मावशी म्हणाली आणि तिच्याजवळ खडीतच बसली. "फितीच्या शेवटी राहून गेला होता. आम्ही कुणी तिथपर्यंत ऐकलंच नव्हतं."

६

दुसरा भाग झाला नाही. निर्मात्यानं आकाशपाताळ एक केलं, पुन्हा या स्टुडिओत पाय ठेवणार नाही म्हणाला, आणि कुठल्याशा दुसऱ्या जुन्या सिनेमाच्या मागे लागला. त्याचं बरं होवो. झालेलं सगळं मुद्रण चूपसाहेबानं भाचीच्या समोर पुसलं. पुसताना शेवटचं पाऊल वाजवून बघायचा मोह त्याला झाला होता, असं त्यानं पुढे कबूल केलं, पण त्यानं वाजवलं नाही.

जुनी फीत मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडक्या उघड्या टाकून, शेवटपर्यंत ऐकली. पावलं वर गेली. मग खरखर. मग "पोचले. करा आता बंद," आणि एक मोकळं हसू. मग खोलीचं दार उघडल्याचा आवाज, बाहेरून एका लहान मुलीची रडकी हाक, आणि "आले गं, आले," म्हणत दूर जाणारी तीच घोगरी बाई. तिथं फीत संपत होती.

"ती रडणारी मी?" भाचीनं विचारलं.

"मग काय मी? अर्धा तास माझ्या कडेवर भोकाड पसरलं होतंस."

भाची हसली. मग खूप रडली. मग म्हणाली, भूक लागलीय, आणि मावशीला वाटलं की जगात याहून गोड शब्द कुणी उच्चारला नसेल.

सँडल त्यांनी कपाटात परत ठेवले नाहीत. चूपसाहेबानं ते नेले. त्यानं त्यांचं काय केलं ते विचारायचं नाही असं तिघांचं ठरलं. थोड्या दिवसांनी भाचीनं स्वतःची गोष्ट लिहायला घेतली, नवी, कुणाच्याही मागून न आलेली. एक बाई आणि तिनं वाढवलेली मुलगी, एवढंच तिनं सांगितलं. त्यातल्या मुलीची पावलं भाची स्वतः करणार होती. मावशीनं तिला फळीवर उभं केलं. "टाच म्हणजे खाली, टाच नाही म्हणजे वर," ती म्हणाली. "एवढं लक्षात ठेव."

त्या संध्याकाळी दोघी भाजी घेऊन घरी आल्या. जिन्याचा दिवा गेला होता. भाची पिशवी घेऊन पुढे चढत होती. मागून पावलं येत होती, चवड्यावर, हळूहळू. टप्... टप्. डावा पाय जरा उशिरा.

भाची पायरीवर थांबली. मागची पावलंही थांबली. क्षणभर तिला वळवेना. मग तिनं वळून बघितलं.

मावशीच होती. कठड्याला धरून, धापा टाकत.

"थांबलीस का गं?"

"काही नाही," भाची म्हणाली. ती दोन पायऱ्या खाली आली, मावशीचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि तिच्याबरोबर, तिच्याच गतीनं वर चढू लागली.